मदत हवी आहे: पॉट्सची (POTS, उभं राहिलं की नाडी फार वाढण्याचा विकार) टिल्ट टेबल टेस्ट (टेबलावर झोपवून, टेबल उभं करत नाडी-बीपी मोजणं) कुठे होते?

उभं राहिलं की धडधड, गरगर. झोपवून काढलेला ईसीजी मात्र नॉर्मल. मग ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून बोळवण, घरात ‘नाटकं’ हा शिक्का. फार अन्याय होतो हो.

डॉक्टरांना दाखवायला मराठी तक्ता करतोय: 10 मिनिटं आडवं पडून नाडी-बीपी, मग भिंतीला टेकून उभं राहून 10 मिनिटं, दर मिनिटाला. सोबत कुणीतरी हवंच. चक्कर आली की थांबायचं. पाय हलवले तर पोटऱ्या रक्त वर ढकलतात, आकडा फसतो. नाडी 30ने (12 ते 19 वयात 40ने) वाढून टिकली आणि वरचं बीपी 20ने उतरलं नाही, तर पॉट्सची शंका रास्त.

पुणे, नाशिक, कोल्हापूरकडे ही टेस्ट कुठे होते? खर्च किती? आधी कोणती औषधं थांबवायला सांगतात?