प्रति: सरासरी घसरली, पण परीक्षेला बसलं कोण?
‘हायस्कूलची एसएटीची सरासरी घसरली, म्हणजे शिकवणंच ढासळलं’ हा वर मांडलेला निष्कर्ष मला पटत नाही. (एसएटी म्हणजे अमेरिकेत कॉलेज प्रवेशासाठी देतात ती परीक्षा.) परीक्षेला किती मुलं बसली, हे इथे कुणीच विचारलेलं नाही, आणि ते कळल्याशिवाय नुसत्या सरासरीवरून शाळेला नावं ठेवणं अन्यायाचं आहे. एरवी ही परीक्षा देणारी मुलं म्हणजे कॉलेजला जायचं आधीच ठरवलेली, फी भरून शनिवारी केंद्रावर जाणारी. पण अमेरिकेतल्या काही राज्यांत, उदाहरणार्थ मिशिगन आणि कोलोरॅडोत, सरकारी शाळांमधल्या अकरावीच्या सगळ्याच मुलांना ती शाळेत, शाळेच्या वेळात, विनाशुल्क द्यावी लागते. सगळे बसले की सरासरी खाली येणारच, मग शिक्षक कितीही चांगले असोत.

मिशिगनने २००७ पासून अकरावीला एसीटी ही तशीच दुसरी कॉलेज प्रवेश परीक्षा सक्तीची केली (२०१६ पासून तिच्या जागी एसएटी आली). त्या बदलाचा पुढे अभ्यास झाला. त्यात दिसलं की आपणहून परीक्षा देऊन कॉलेजला पुरेसे गुण मिळवणाऱ्या दर दहा गरीब मुलांमागे तेवढीच कुवत असलेली आणखी पाच गरीब मुलं होती, जी एरवी परीक्षेला बसलीच नसती. ही मुलं हुशारच होती, फक्त कुठल्याच यादीत नव्हती. मला सरासरीच्या चार-पाच गुणांपेक्षा ही पाच मुलं जास्त महत्त्वाची वाटतात. तुमच्या शाळेच्या अहवालात परीक्षेला बसलेल्यांची टक्केवारी असेल, तर दोन्ही वर्षांची इथे टाका.