आधारावर आप्पांचं वय आठ वर्षांनी कमी लागलंय, श्रावणबाळचा अर्ज कसा करावा?

घरची_लेक

नमस्कार मंडळी. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझे वडील, आप्पा. खरं वय ६९. आई ६२ ची. शेती नाही, घर आजोबांच्या वेळचं, दोन खोल्यांचं. आप्पा एका गोदामावर रात्रीचे वॉचमन होते. गुडघा धरला तसं गेल्या वर्षी ते काम सुटलं. आता आईला लाडक्या बहिणीचे १,५०० येतात, रेशनचं धान्य मिळतं, आणि मी पाठवते ते दोन हजार. मी एकटीच मुलगी. आम्हीही भाड्याच्या घरात राहतो, याहून जास्त ओढाताण झेपत नाही.

त्यात आप्पा मी पाठवलेल्या पैशाला होता होईल तो हातच लावत नाहीत. मागच्या खेपेला गेले तेव्हा सहज बीपीच्या गोळ्यांची पट्टी हातात घेतली, तर दोन गोळ्या कातरीनं अर्ध्या कापून कागदाच्या पुडीत ठेवलेल्या. आई म्हणाली, "ते म्हणतात अर्धीनं पण भागतं."

मग उठले आणि श्रावणबाळसाठी, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी पेन्शनसाठी, सेतूत गेले. तिथल्या मुलानं आधार बघितलं आणि म्हणाला, "ताई, हे तर ६१ चे आहेत, पासष्ट लागतं." आधारावर ०१/०१/१९६४! घरी येऊन विचारलं तर आप्पा गप्प. आईनंच सांगितलं. २०१४ ला शाळेत आधारचा कॅम्प लागला होता. त्या वेळी गोदामाचा ठेकेदार पन्नाशीच्या वरचा माणूस ठेवत नसे. ऑपरेटरनं वय विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, "लिहा पन्नास." तेव्हा ते अठ्ठावन्नचे होते. त्या पन्नासावर पुढची नोकरी टिकली खरी.

आता ते म्हणतात, "मीच सांगितलं होतं, आता कुठल्या तोंडानं बदला म्हणू? राहू दे."

सेतूच्या बाहेर एक जण मागे लागला होता. पाच हजार द्या, वयासकट सगळं करून मंजुरी आणतो म्हणे. दिले नाहीत. पण पुढे काय करू? जन्मदाखला नाही. आप्पा चौथीपर्यंत शाळेत होते एवढंच माहीत आहे.

वाटसरू

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा वाचा. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, महिना १०,००० पर्यंत निर्वाहखर्च मंजूर होऊ शकतो. जबाबदारी मुलगा-मुलगी दोघांवरही आहे.

घरची_लेक

म्हणजे आप्पांनी माझ्यावरच अर्ज करायचा? :) तसं असेल तर कागदपत्रं मीच गोळा करून देईन.

जुना_कारकून

ताई, तहसीलच्या संजय गांधी शाखेत (श्रावणबाळसारख्या पेन्शनचं काम तिथेच चालतं) मी बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. पहिली गोष्ट, त्या पाच हजारवाल्याला दिले नाहीत हे फार बरं केलंत. मंजुरी तालुका समितीच्या बैठकीत होते, सेतूबाहेरच्या माणसाच्या खिशात नसते.

आता वयाचं. श्रावणबाळच्या अर्जाला वयाचा पुरावा म्हणून जन्मनोंदीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्डावर किंवा मतदारयादीत असलेल्या वयाचा उतारा, यातलं काहीही चालतं. यातलं काहीच नसेल तर सरकारी ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक वयाचा दाखला देतात. सेतूतल्या मुलाला आधारापलीकडचं दिसत नाही, त्याचा फॉर्मच तसा आहे. त्याच्यावर रागावू नका, थेट शाखेत नायब तहसीलदारांना भेटा.

चौथीपर्यंत शिकले म्हणता ना? मग त्या शाळेत जा आणि 'प्रवेश निर्गम उतारा' मागा. दाखला मागितलात तर "इतक्या जुन्याचा दाखला कुठून देऊ" असं ऐकावं लागेल. उतारा म्हणजे जनरल रजिस्टरची नक्कल, ते रजिस्टर शाळेला जपावंच लागतं. मुख्याध्यापकांना भरतीचं अंदाजे साल सांगा, नाहीतर ते बिचारे दिवसभर पानं उलटतील. शिवाय तहसीलच्या अभिलेख कक्षात गावाचं कोतवाल बुक असतं, गाव नमुना १४. पूर्वी गावात कोणी जन्मलं, कोणी गेलं की कोतवाल त्यात नोंद करायचा. त्याचीही नक्कल मागा. दोन कागद हाताशी असलेले बरे.

शाळेत नाव वेगळं निघालं (हमखास निघतं, घरात हाक मारायचे तेच गुरुजी लिहायचे) तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. सरकारी कामाच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. स्टॅम्प पेपर आणा म्हणणारे भेटतील, नम्रपणे हे सांगा.

वयाइतकीच माणसं उत्पन्नावर अडतात. मर्यादा आहे वर्षाला २१,००० ची. म्हणजे महिन्याला १,७५०. इतक्यात दोन माणसं कशी जगतात हे ती मर्यादा ठरवणाऱ्यांनी एकदा करून दाखवावं, पण ते असो. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर ते कुटुंब गट 'अ' मध्ये जातं, मग महिन्याच्या १,५०० अनुदानापैकी २०० केंद्राच्या योजनेचे आणि १,३०० राज्याचे. यादीत नसेल आणि उत्पन्न मर्यादेत असेल तर गट 'ब', सगळे १,५०० राज्याचे. हातात पडतात तेवढेच. पिवळं रेशनकार्ड आहे म्हणजे यादीत नाव आहे असं मात्र धरू नका. यादी वेगळी, ग्रामपंचायतीत क्रमांक बघून घ्या.

गट 'ब' असेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागेल. तलाठी चौकशीला येतील, मुलगी काय पाठवते हेही विचारतील. खरं ते सांगा. आणि १५ वर्षं महाराष्ट्रात राहत असल्याचा रहिवासी पुरावा जोडा. अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलायचं नाही.

आप्पांना माझा निरोप द्या. खिडकीच्या आत बसून मी असली शेकडो आधारकार्डं बघितली. निम्म्या लोकांचा जन्म १ जानेवारीचा होता.

तिसरी_शिफ्ट

कारकूनकाकांनी मंजुरीपर्यंत नेलं, मी पुढची गंमत सांगते.

सासूबाईंचं श्रावणबाळ मंजूर झालं आणि चार महिने एक पैसा नाही. दर आठवड्याला पासबुक छापून आणायचो. शेवटी तहसीलच्या शाखेतल्या एका बाईंनी स्क्रीनवर बघून सांगितलं, "पैसे जातायत की." कुठे? तर कोणे एके काळी कॅम्पमध्ये उघडलेल्या जनधनच्या खात्यात! ते खातं आम्ही विसरूनही गेलो होतो. आता अनुदान डीबीटीनं, म्हणजे सरकारकडून थेट बँकेत येतं, आणि ते अर्जात लिहिलेल्या खात्यावर येत नाही, आधार शेवटचं ज्या खात्याला सीड झालंय, म्हणजे सरकारी पैशासाठी जोडलं गेलंय, तिथे जातं. 'आधार लिंक आहे' आणि 'आधार सीड आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी आधार सीडिंग' असंच विचारा. पहिल्याने विचारलं तेव्हा आमच्या बँकेतला माणूस "लिंक आहे हो" म्हणून मोकळा झाला होता.

दुसरं म्हणजे अंगठा. सासूबाईंनी जन्मभर भांडी घासली, बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत. मशीनवर अंगठा उठत नाही म्हणून दोनदा परत पाठवलं. डोळ्याचं मशीन आहे का असं विचारायचं असतं हे तिसऱ्या फेरीला कळलं. मंजुरीनंतर दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की अनुदान बंद. आम्ही कॅलेंडरवर लाल खूण करून ठेवलीय.

आणि ताई, पेन्शन येईल तेव्हा येईल, गोळ्या अर्ध्या करणं आजच थांबवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत तपासणी आणि औषधं मोफत आहेत. बीपीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात. मोठं दुखणं निघालं तर रेशनकार्डावर महात्मा फुले योजना आहे. आप्पा सत्तरीचे झाले की उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, ५ लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी. पण ते आधारावरचं वय बघतात! आत्ताच्या हिशेबानं आप्पांना ते २०३४ मध्ये मिळेल. एसटीचं ६५ पासूनचं अर्धं तिकीटही तिथेच अडणार. म्हणून श्रावणबाळ दुसऱ्या पुराव्यावर झालं तरी आधार दुरुस्त करून घ्याच. जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा कागद पक्के झाल्यावरच केंद्रावर जा.

फोनवर विचारायचं असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे, सकाळी ८ ते रात्री ८. मी दोनदा केला होता, नीट बोलतात.

जुना_कारकून

सीडिंगचं अगदी बरोबर. आमच्या वेळी मनीऑर्डरी जायच्या, तेव्हा पोस्टमन चुकायचा.

आईंचंही लक्षात असू द्या. लाडकी बहीण ६५ पर्यंतच आहे. त्या पासष्टच्या होतील त्याच महिन्यात त्यांचाही अर्ज टाका. अर्ज प्रत्येकाचा वेगळा असतो.

घरची_लेक

दोन महिन्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी.

शाळेत गेलो. आप्पा नको नको म्हणत होते, पण शाळा म्हटल्यावर स्वच्छ सदरा घालून आधीच दारात उभे. मुख्याध्यापक बाई माझ्याहून लहान. त्यांनी लोखंडी कपाट उघडलं आणि कापडात बांधलेलं रजिस्टर काढलं. १९६२ ची भरती. काकांनी सांगितल्याप्रमाणे नाव वेगळंच होतं. आधारावर 'बाळासाहेब', इथे नुसतं 'बाळू'. जन्मतारीख १ जून १९५६. ती वाचून बाई हसल्या, त्या पानावरची निम्मी पोरं १ जूनला जन्मलेली.

कोतवाल बुकाची नक्कल मिळायला तीन फेऱ्या झाल्या. त्यात नावाच्या रकान्यात काहीच नाही. आजोबांचं नाव, पुढे 'मुलगा', आणि तारीख २३ नोव्हेंबर १९५५. म्हणजे आप्पांचे तीन वाढदिवस झाले! शाखेत साहेबांना दोन्ही कागद दाखवले. ते म्हणाले, नाव आहे तो शाळेचा उतारा लावा आणि यापुढे सगळीकडे तीच एक तारीख ठेवा. प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर केलं. स्टॅम्प पेपर मागितला होता, मी काकांचं वाक्य म्हणून दाखवलं.

यादीत नाव नाही, त्यामुळे गट 'ब'. तलाठी येऊन गेले. माझ्या दोन हजारांचं आप्पांनी स्वतःच सांगून टाकलं, मी काही बोलायच्या आत. उत्पन्नाचा दाखला निघाला, अर्ज गेला, पोच घेतली. त्या पाच हजारवाल्यानं आम्हाला रांगेत बघून तोंड फिरवलं. सीडिंग तपासलं तर बरोबर खात्यालाच निघालं. बैठक पुढच्या महिन्यात आहे म्हणतात. आधार दुरुस्ती त्यानंतर. बीपीच्या गोळ्या आरोग्य केंद्रातून आणतोय, महिन्याच्या एकदम देतात.

कोतवाल बुकाची नक्कल अर्जाला लागली नाही, ती आप्पांनी मागून घेतली. रात्री चष्मा लावून बराच वेळ बघत होते. मला वाटलं तारीख बघतायत. तर म्हणाले, "आबांचं नाव बघ, किती झोकात लिहिलंय." कागद आता देवघराच्या फळीवर आहे, पोचपावतीसोबत.