मदत हवी आहे: नऊ जणांसाठी चिकन नूडल सूप, पण शेवयांचा लगदा होतोय

नमस्कार मंडळी,

आम्ही लातूरचे. घरात सासरे आहेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो. दिवाळीनंतर त्यांचे उरलेसुरले दात काढावे लागले, कवळी अजून बसायची आहे. तेव्हापासून त्यांचं ताट वेगळं झालंय. मऊ भात, वरण, नाहीतर दुधात कुस्करलेली भाकरी. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळं खटलं शेतात जमलं होतं. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, सगळं होतं. मामांनी पेलाभर आंबील तेवढी घेतली आणि कडब्याच्या कोपीच्या आडोशाला जाऊन बसले. मला ते बघवलं नाही.

येत्या रविवारी दुपारी नणंद, दीर, जाऊ, लेकरं धरून नऊ जण जेवायला आहेत. एकाच भगुण्यातलं मामांसकट सगळ्यांना वाढता यावं, एवढीच माझी इच्छा आहे. नणंदेच्या मुलीने चिकन नूडल सूप सुचवलं. हॉस्टेलवर तापाने पडली होती तेव्हा मैत्रिणीने करून दिलं होतं म्हणे. कांदा, गाजर, सेलरी, मिरी, तमालपत्र, कोंबडीचा रस आणि त्यात नूडल्स. आत्याबाई म्हणाल्या, "म्हणजे आपला अळणी रस्साच की, शेवया घातलेला." मलाही तसंच वाटलं, म्हणून मागच्या रविवारी थोडं करून बघितलं.

1 किलो ब्रॉयलर कुकरला लावलं, 5 शिट्ट्या केल्या. रस गढूळ झाला, तांदळाच्या धुवणासारखा. छातीचे तुकडे कोरडे पडून त्यांचे दोरे सुटले, आणि तेच मामांच्या हिरड्यांना टोचले. मग त्याच रसात उन्हाळ्यात केलेल्या घरच्या शेवया टाकल्या. पानं मांडेपर्यंत त्या सगळा रस पिऊन बसल्या, पळी उभी राहील इतकं घट्ट. लेकरांनी खाल्लं, पण ते सूप नव्हतं.

आता सांगा, गावरान कोंबडी घेऊ का? शेवया कधी घालू, की विकतच्या नूडल्सच आणू? आमच्या भाजीबाजारात सेलरी मिळत नाही, तिचं काय करू? आणि शनिवारी रात्रीच रस काढून ठेवला तर चालेल का? रविवारी सकाळी भाकऱ्यांचीच एवढी घाई असते.

गोदाकाठ (उत्तर)

ताई, चूक कुकरची आहे. रस गढूळ होतो तो खळखळून उकळल्यामुळे. चरबी आणि मळी त्यातच घुसळली जाते. कोंबडी गार पाण्यात घाला, 1 किलोला अडीच लिटर पाणी. आच बारीक ठेवा, वर एखाददुसरा बुडबुडा येईल इतकीच. सुरुवातीला करडा फेस येतो, तो पळीने काढत राहा, मगच कांदा-गाजर टाका. मीठ शेवटी, कारण रस आटला की खारटपणा वाढतो.

छातीचे तुकडे 20-25 मिनिटांत शिजतात. ते आधी काढून झाकून ठेवा, मांड्या आणि हाडं राहू द्या. गार झाल्यावर मांस आडवं बारीक चिरा, म्हणजे लांब दोरे राहत नाहीत. मामांसाठी मांडीचंच मांस घ्या, ते ओलसर राहतं.

बालाघाटी

गावरान कोंबडीला चव जास्त, पण तिला बारीक आचेवर दीड-दोन तास द्यावे लागतात आणि तरी मांस चिवटच लागतं. तुमच्याकडे दात नसलेलं माणूस आहे. म्हणून मी ब्रॉयलरच घेईन, आणि चिकनवाल्याकडून मान, पंख आणि 6-7 पाय मागून घेईन. पायांमुळे रसाला अंग येतं, फ्रीजमध्ये ठेवला की तो जेलीसारखा थिजतो. थिजला म्हणजे बिघडला असं समजून टाकून देऊ नका!

शनिवारी करून ठेवा, चालेल. फक्त गरम भगुणं रात्रभर ओट्यावर ठेवू नका. गाळून घ्या, गार पाण्याच्या परातीत भगुणं ठेवून ढवळा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर तुपासारखा थर आलेला असेल, तो हवा तेवढा काढा आणि वाढण्याआधी रस चांगला उकळून घ्या.

चुलीपाशी

सेलरीच्या जागी कोथिंबिरीचे देठ जुडी बांधून टाका. या सूपमध्ये थाइम नावाचा पालाही घालतात. त्याचा वास आणि आपल्या ओव्याचा वास एकाच घटकामुळे येतो, म्हणून ओव्याचे दहा-बारा दाणे पुरचुंडीत बांधून सोडा. जास्त नको. लाल गाजराचा रंग रसात उतरतो, नारिंगी मिळालं तर बरं.

शेवयांचं म्हणाल तर त्या फार बारीक असतात. वापरायच्याच असतील तर कोरड्या भाजा, वेगळ्या पाण्यात जेमतेम शिजवा, चाळणीत ओता आणि ज्याच्या त्याच्या वाटीत घालून वरून रस ओता. भगुण्यात कधीच नाही. पण खरं सांगू? चकोल्या (वरणफळं) करता ना? तसंच करा. 200 ग्रॅम मैदा, 2 अंडी, चिमूटभर मीठ. घट्ट मळून अर्धा तास झाका, पातळ लाटा, पीठ भुरभुरवून गुंडाळी करा आणि सुरीने पट्ट्या कापा. नऊ जणांना दीडपट घ्या. मामांसाठी पट्ट्या बोटाच्या पेराएवढ्याच कापा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जेवणं झाली.

रस शनिवारी संध्याकाळी दीड तास मंद ठेवला. आत्याबाई स्वतः पळी घेऊन फेस काढत उभ्या होत्या. सकाळी तो खरंच थिजला होता, आणि गरम केल्यावर भगुण्याचा तळ दिसत होता. पट्ट्या त्यांनीच कापल्या, 300 ग्रॅम मैद्याच्या. काही जाड झाल्या, त्या लेकरांना वाढल्या. दिरांना तिखटाशिवाय जमेना, त्यांनी वरून काळा मसाला घातला, तोही छान लागला.

मामा पंगतीत बसले, माझ्या नवऱ्याशेजारी. पहिली वाटी संपवली, मग भाकरीचा पापुद्रा काढून दुसऱ्या वाटीत बुडवला आणि म्हणाले, "सुनबाई, अजून थोडा रस घाल, भाकरी भिजू दे."

एकच राहिलं. तीनेक वाट्या रस उरलाय, तो बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून मामांच्या रोजच्या भातात घातला तर किती दिवस टिकेल?