प्रॉबॅबिलिटीचा अभ्यासगट चालवलाय का कोणी? लिहा अनुभव

निळीशाई
काल घरच्या ग्रुपवर कोणीतरी तीन दारांचं कोडं टाकलं. एका दारामागे गाडी, दोन दारांमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता, सूत्रसंचालक दुसरं उघडून बकरी दाखवतो, आता दार बदलायचं की नाही? रात्रीपर्यंत दोन आत्यांचा अबोला! मला एकदम आमचा अभ्यासगट आठवला. नोकऱ्या सांभाळून ऑनलाइन प्रॉबॅबिलिटी शिकणारी मंडळी. गट मी चालवायचे, म्हणजे लिंक पाठवायची आणि भांडणं सोडवायची.

याच कोड्यावर आमची अख्खी बैठक गेली होती. शेवटी एकीने कॅमेऱ्यासमोर पत्ते मांडले, एक एक्का, दोन गुलाम. बदलणारे साधारण तीनात दोनदा जिंकायला लागले तसे विरोधक गार झाले. तरी एकजण पुटपुटला, "पण तुम्हाला माहितीये ना एक्का कुठाय ते." मुद्दा बरोबर होता. मग तिने न बघता पत्ता उलटायचा ठरलं, एक्काच उलटला तर डाव बाद. आता बदला नाहीतर बदलू नका, निम्मे-निम्मे! समोर दिसतं ते तेच, एक पत्ता निवडलेला आणि एक गुलाम उघडा, पण उत्तर पार वेगळं. तेव्हापासून आमचा नियम झाला, आकडेमोडीला हात लावायच्या आधी काय कसं घडलं आणि कोणाला काय ठाऊक होतं ते लिहून काढायचं. निम्मी भांडणं तिथेच मिटायची.

तुम्ही गट चालवला असेल, बुडवला असेल, नुसते कॅमेरा बंद करून बसला असाल, सगळं चालेल. लिहा.

रात्रपाळी
बुडवलाय. सिग्मा अल्जिब्रा (कोणकोणत्या घटनांची शक्यता मोजता येते त्याची काटेकोर यादी). बाळ उठलं, नंतर येते.

क्ष
@रात्रपाळी अगदी अगदी 😂 आमचाही तिथेच बुडाला. नाणी-फासे-पत्ते होते तोवर हाऊसफुल. मग एकाने हट्ट धरला की कोल्मोगोरोव्ह या गणितज्ञाच्या १९३३च्या गृहीतकांपासून, म्हणजे प्रॉबॅबिलिटीच्या मूळ नियमांपासून, "नीट" सुरुवात करू. पुढच्या वेळी तो आणि मी. त्याच्या पुढच्या वेळी मी.

दुसरा गट काढला तेव्हा आधी बर्ट्रांड या गणितज्ञाचं १८८९चं कोडं दिलं. वर्तुळात 'कशीही' एक जीवा काढा. आत बसणाऱ्या समभुज त्रिकोणाच्या बाजूपेक्षा ती लांब असण्याची शक्यता किती? एकाने परिघावर दोन बिंदू निवडले, १/३ आलं. दुसरीने त्रिज्येवर बिंदू घेऊन तिथून काटकोनात जीवा काढली, १/२. तिसऱ्याने जीवेचा मध्यबिंदू वर्तुळात कुठेही टाकला, १/४. तिघांच्या वह्या तपासल्या, कुठेही चूक नाही. मग लोक आपणहून विचारायला लागले की 'कशीही' म्हणजे नक्की कशी. हा प्रश्न आला की मग आणायचा कोल्मोगोरोव्हला. आधी आणलात तर मेलात.

चुकार
नोट्सची पीडीएफ मिळेल का?

निळीशाई
@चुकार अहो, अनुभव मागितलेत!

चुकार
हाच अनुभव. प्रत्येक गटात मी हेच विचारतो.

उंबरठा
मी दवाखान्यात काम करते, गणित दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. मैत्रिणीने ओढून नेलं गटात. बेझचं सूत्र (नवी माहिती कळली की शक्यता कशी बदलते ते) कितीदा सांगितलं तरी डोक्यावरून. मग एक बाई म्हणाल्या, सूत्र ठेवा बाजूला, दहा हजार माणसं घ्या. आजार शंभरात एकाला, म्हणजे १०० आजारी. तपासणी त्यातल्या ९९ जणांना पकडते. उरले ९,९०० धडधाकट, त्यांच्यातही शंभरात एकाला चुकून पॉझिटिव्ह दाखवते, म्हणजे आणखी ९९. पॉझिटिव्ह एकूण १९८, खरे आजारी त्यातले निम्मेच! चौकटीच्या कागदावर पेनाने रंगवलं होतं, अजून आहे माझ्याकडे. नव्याण्णव टक्के अचूक म्हणतात ती तपासणी ही.

क्ष
@उंबरठा हे सरसकट सगळ्यांना तपासलं तर. लक्षणं असलेल्यांनाच तपासलं तर तो शंभरात एक लागू नाही ना.

उंबरठा
हो, तेच त्या बाई शेवटी म्हणाल्या. आधी कोणाला रांगेत उभं केलं ते विचारा. आले, बेल वाजतेय.

टिंब
आमच्याकडे एक काका निव्वळ लॉटरीसाठी आले होते. पहिल्याच दिवशी विचारलं, कितव्या बैठकीला लागेल? 🙏

बाकी एक गृहपाठ झकास जमायचा. अर्ध्यांनी नाणं खरंच दोनशे वेळा उडवायचं, अर्ध्यांनी मनानेच छापा-काटा लिहायचं. मी कागद बघून खोटे बाजूला काढायचो. युक्ती एवढीच की दोनशे वेळा उडवलं तर कुठेतरी सलग सहा छापे नाहीतर सहा काटे येणं जवळपास ठरलेलं. मनाने लिहिणारा चौथ्यालाच घाबरून बदलतो. काका तेवढ्यासाठी वर्षभर टिकले.

रात्रपाळी
झोपलं. तर काय सांगत होते, सिग्मा अल्जिब्रा हे निमित्त हो. खरा घोळ आधीच होता. "कळलं का?" विचारलं की सगळे "हो हो". आणि स्वतंत्र घटना (एकीचा दुसरीच्या शक्यतेवर परिणाम नाही) नि म्युच्युअली एक्स्क्लुझिव्ह घटना (दोन्ही एकदम घडूच शकत नाहीत) यांत अर्ध्यांचा गोंधळ! एक घडली की दुसरी घडूच शकत नाही, मग त्या स्वतंत्र कशा? पण विचारायची लाज. मग मी दालांबेअरची गोष्ट सांगायला लागले. एवढा मोठा गणिती, पण १७५४ साली लिहून बसला की दोन नाणेफेकींत एकदा तरी छापा यायची शक्यता २/३. पहिल्यांदा छापा आला की खेळ संपला, म्हणून तीनच शक्यता मोजल्या, आणि तिन्ही सारख्या धरल्या! खरं उत्तर ३/४. हे ऐकलं की लोक मोकळे होतात, "मी पण असंच मोजलं होतं" सुरू होतं.

क्ष
गटाला किती जण येतील हाच आमचा रँडम व्हेरिएबल, म्हणजे नशिबावर बदलणारा आकडा.

टिंब
आणि सरासरी दर आठवड्याला खाली.

लीपवर्षी
वाढदिवसाचं कोणी लिहिलं नाही? तेवीस जणांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता ५०.७%. आम्ही तीस जण होतो, म्हणजे सत्तर टक्क्यांवर. मोठ्या तोऱ्यात करून दाखवायला गेले आमचे सर, एकही जोडी जुळेना 😄 सर म्हणाले उरलेले तीस टक्के ते हे. आणि माझा २९ फेब्रुवारी, मला तर हिशेबातच धरलं नाही.

निळीशाई
@लीपवर्षी धरलं असतं तरी फरक नाही. ३६६ दिवस सारखे धरले तरी निम्म्यावर जायला तेवीसच पुरतात.

लीपवर्षी
फरक नाही म्हणजे काय! चार वर्षांनी एकदा येतो म्हणून काय झालं.