मदत हवी आहे : बोटीच्या कीलच्या पिनचं भोक लांबट झालंय

१९ फुटी फायबरची शिडाची बोट, ट्रेलरवरून तापोळ्याला नेऊन शिवसागरात (कोयना धरणाच्या जलाशयात) सोडतो. कील (बोट कलंडू नये म्हणून तळाखाली असणारं जड पातं) बिडाची, अंदाजे १५० किलो, विंचने वर ओढता येणारी. कील ज्या पिनेवर फिरते ती २५ मिमी आहे, भोक मात्र झिजून एका बाजूने २८ झालंय. लाटेवर कील तिच्या पेटीत (वर ओढल्यावर ती जिथे बसते त्या खोबणीत) ठकठक आपटते आणि पिनेजवळून पाणी झिरपतं. नुसतं सीलंट लावून भागणार नाही, मूळ दुखणं ढिलाईचं आहे.

भोक बोअर करून (मशीनवर मोठं, गोल करून) त्यात बुश, म्हणजे नळीसारखं अस्तर, बसवायचा आहे. नायलॉन पाणी पिऊन फुगतं आणि पिन आवळतं, म्हणून ते नकोच. गनमेटल (काशासारखा मिश्रधातू) घ्यावं की डेलरिन (कडक प्लास्टिक)? पिन ३१६ स्टेनलेसची केली तर गोड्या पाण्यात बिडाला गंज लवकर धरेल का? ट्रेलरवर कीलचा भार पिनेऐवजी आडव्या लाकडावर घेणार आहे. खड्ड्यांच्या रस्त्यात ट्रेलरवरच भोक जास्त झिजतं.

साताऱ्यात एवढा जड नग बोअरिंग मशीनवर घेणारं वर्कशॉप कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा.