बाबांना हानलेला आकाशदर्शनासाठी न्यायचं आहे: तिथी आणि उंचीबद्दल मदत हवी

नमस्कार. आम्ही सांगलीचे. बाबा निवृत्त शिक्षक, वय ६९. शाळेच्या गच्चीवर मुलांना नक्षत्रं दाखवण्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली. आता समोरच्या मंगल कार्यालयाचे दिवे रात्रभर चालू असतात, कृत्तिकाही धड दिसत नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन त्यांची नजर स्वच्छ झाली आहे. आता एकदा तरी त्यांनी खरं काळं आकाश बघावं, असं मला मनापासून वाटतं.

लडाखमध्ये हानलेला भारतीय ताराभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे, ४,५०० मीटर उंचीवर. २०२२ मध्ये भोवतालचा परिसर डार्क स्काय रिझर्व्ह (रात्रीचा काळोख जपण्यासाठी राखलेला प्रदेश) झाला, एवढं वाचलंय. पण तिथल्या २ मीटर आरशाच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीतून (शास्त्रज्ञ चंद्रशेखर यांच्या नावाची) आपल्याला बघू देतात का?

तिथीचाही पेच आहे. पावसाळ्यानंतर आकाश चांगलं असतं म्हणतात, पण तेव्हाची अमावास्या म्हणजे सर्वपित्री. आजी-आजोबांचं पान त्या दिवशी घरीच वाढायचं, यावर आई-बाबा दोघंही ठाम आहेत आणि मलाही ते पटतं. दुसऱ्या दिवशी घट बसतात. अमावास्येलाच जावं लागेल का?

सगळ्यात मोठी काळजी उंचीची. बाबांना बीपीची गोळी चालू आहे. वयस्कर माणसांना घेऊन कुणी गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

अमावास्येचा हट्ट नको. वद्य दशमीनंतर चंद्र मध्यरात्र उलटल्यावरच उगवतो, म्हणजे रात्रीचा पूर्वार्ध पूर्ण काळोखाचा मिळतो. भाद्रपद वद्यात नको असेल तर श्रावण वद्य दशमी ते त्रयोदशी बघा, गणपतीच्या आधी घरी परत याल. ढगांचा धोका तेव्हा थोडा जास्त, म्हणून हानलेत दोन रात्री ठेवा.

अंधार पडताच आधी दक्षिणेकडे बघा. आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग धनु राशीत आहे. हानले बरंच उत्तरेला असल्यामुळे तो सांगलीपेक्षा सुमारे १६ अंश खाली दिसतो, त्यामुळे तो डोंगराआड जाणार नाही अशी जागा निवडा. नंतर देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखाच दूरचा तारकासमूह, अँड्रोमेडा) वर येते, ती तिथे नुसत्या डोळ्यांनी सहज दिसते. काळोखाला डोळे सरावायला अर्धा तास द्या. तेवढ्या वेळात कुणी मोबाईल उघडला की पुन्हा पहिल्यापासून. लाल दिव्याची बॅटरी न्या.

मोठ्या दुर्बिणीला डोळा लावता येत नाही. तिचं चित्र थेट कॅमेऱ्यात जातं आणि ती चालवतात बंगळूरजवळच्या होसकोटेहून, उपग्रहामार्फत. आकाश दाखवतात ते गावातलेच प्रशिक्षित तरुण-तरुणी, संस्थेने दिलेल्या लहान दुर्बिणींतून. बाबांशी त्यांच्या छान गप्पा होतील.

प्रतिसाद २

मी मावशींना नेलं होतं. लेह ३,५०० मीटरवर, हानले गाव साधारण ४,३०० वर. तिथे हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के मिळतो. विमानाने उतरलात तर लेहला किमान दोन, शक्यतो तीन रात्री नुसती विश्रांती. मग सिंधूच्या काठाने उपशी, चुमाथांग, न्योमा असा रस्ता आहे. एका दिवसात हानले गाठू नका, चुमाथांगला एक मुक्काम करा. निघण्याआधी बाबांच्या डॉक्टरांना उंचीचे आकडे सांगून विचारा, गोळ्यांबद्दल तेच ठरवतील. डोकं दुखून उलटी झाली, तोल जायला लागला किंवा बसल्याजागी धाप लागली तर तारे राहू देत, लगेच खाली उतरायचं. हे घरातल्या सगळ्यांनी आधीच ठरवून ठेवा. लडाखमध्ये बाहेरची प्रीपेड सिमं चालत नाहीत, पोस्टपेड घ्या.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार. श्रावण वद्य ठरवतेय, बाबांनी पंचांग काढलंसुद्धा. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आता एकच: बाबांना गुडघ्यांमुळे फार वेळ वाकून उभं राहता येत नाही. तिथल्या दुर्बिणींच्या नेत्रिकेशी खुर्चीत बसून डोळा पोचतो का, की इथून घडीचं स्टूल न्यावं?