शौचाची रोज नोंद होऊनही बद्धकोष्ठता उशिरा का लक्षात येते?

प्रश्न:
मी शुश्रूषागृहात परिचारिका आहे. आमच्याकडे प्रत्येक पाळीत शौचाची नोंद होते, परंतु ती बहुतेक वेळा 'झाली' किंवा 'नाही' एवढीच. गेल्या महिन्यात स्मृतिभ्रंश असलेल्या एका आजींच्या नावापुढे सलग तीन दिवस 'पातळ' असे लिहिलेले होते, म्हणून त्यांचे रेचक थांबवले. चौथ्या दिवशी त्या जेवेनाशा झाल्या, चादर मुठीत धरून ओढू लागल्या, आणि डॉक्टरांनी तपासले तेव्हा गुदाशयात कडक मलाचा गोळा अडकलेला होता. हे आधी कसे ओळखता आले असते?

उत्तर 1:
ते पातळ शौच हीच खूण होती. अडकलेल्या गोळ्याच्या कडेने वरचा पातळ मल झिरपतो आणि जुलाब झाल्यासारखे वाटते. आधीचे काही दिवस शौचाविना गेले असतील आणि मग नकळत कपड्यांना थोडे थोडे लागू लागले असेल, तर रेचक थांबवण्यापूर्वी गुदाशयाची तपासणी करून घ्यावी. वहीत ब्रिस्टल तक्त्यातील (मलाचे कडक खड्यांपासून पाण्यासारख्या पातळपर्यंतचे प्रकार दाखवणारा तक्ता) 1 ते 7 पैकी प्रकार आणि अंदाजे प्रमाणही लिहावे. कारण शेंगदाण्याएवढ्या दोन खड्यांनाही 'झाली' म्हटले, की पुढची पाळी निर्धास्त होते. ज्यांना बोलून सांगता येत नाही, त्यांची बेचैनी, अन्न नाकारणे आणि लघवी अडणे हेही शौचाच्या नोंदीशेजारीच असावे.

उत्तर 2:
औषधांची यादीही पाहावी. मॉर्फिन किंवा ट्रॅमाडॉल ही वेदनाशामके, लोहाच्या गोळ्या, अमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचे औषध यांनी मलावरोध वाढतो. मॉर्फिन नियमित द्यायचे असेल, तर रेचक त्याच दिवशी सुरू करण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. अंथरुणाला खिळलेल्या आणि पाणी कमी पिणाऱ्या व्यक्तीला इसबगोल देऊ नये, कारण पुरेशा पाण्याविना ते आतड्यात अडकू शकते. लॅक्टुलोज या रेचकाला गुण यायला एक-दोन दिवस, कधी त्याहून अधिक लागतात. सकाळी दिले आणि संध्याकाळी गुण नाही म्हणून बदलले, असे करू नये.

उत्तर 3:
औषधाइतकीच वेळही महत्त्वाची आहे. न्याहारीनंतर आतड्यांची हालचाल वाढते, तेव्हा कमोडवर बसवावे, पायांखाली छोटे स्टूल द्यावे आणि दार लावून घ्यावे. मदतनीस येईपर्यंत कळ दाबून धरण्याची सवय मी अनेकांमध्ये पाहिली आहे, आणि चारचौघांत मोठ्याने 'झाली का?' असे विचारल्यावर खरे उत्तर कोणीच देत नाही.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. प्रकार आणि प्रमाण यांचे रकाने आजपासूनच वहीत आखून घेते. आजींना न्याहारीनंतर बसवण्याचे काम एकाच मदतनिसाकडे ठेवण्याची विनंतीही करणार आहे, कारण ओळखीचा हात धरल्याशिवाय त्या उठत नाहीत.